कमरेचं पिस्तूल

आमच्या घरात पिस्तूल आलं ते शोभेसाठी नाही. माझ्या नवऱ्याच्या उजव्या मनगटावर त्याच्या चुलत भावाने भर दुपारी कोयत्याचे दोन घाव घातले, म्हणून आलं. लासुर्ण्याच्या पुढे रस्त्याला लागून आमचा पेट्रोल पंप आहे. त्याच्या मागच्या बांधावर हे दोघे बोलत उभे होते आणि मी केबिनच्या खिडकीतून बघत होते. वाटणीत रस्त्याकडची बाजू आमच्याकडे आली होती आणि मागची त्यांच्याकडे. वाटणी झाली तेव्हा तिथे नुसत्या बाभळी होत्या, त्यामुळे कुणाची काही तक्रार नव्हती. पंप उभा राहिला आणि तीच बाजू सगळ्यांना एकदम गोड लागायला लागली.

पहिला घाव मी पाहिला, पण त्याचा आवाज माझ्यापर्यंत आला नाही. दुसऱ्याचा आला. ऊस तोडताना बुडख्याशी येतो तसा. मी धावत पोचले तेव्हा नवरा गुडघ्यांवर होता आणि डाव्या हाताने उजवा हात पोटाशी धरून बसला होता. हाडाचं पांढरं मला दिसलं. त्याचा शर्ट, विजार, खालची ढेकळं, सगळं लाल होत चाललं होतं. दीर पळत नव्हता. कोयता हातात तसाच ठेवून तो मला म्हणाला, "वहिनी, तुमी मधी येऊ नका. तुमचं काय न्हाय ह्यात." माझ्या हातची पुरणपोळी मागून घेताना म्हणायचा, अगदी तसंच वहिनी म्हणाला. ते ऐकून माझ्या डोक्यात जे पेटलं ते अजून पुरतं विझलेलं नाही.

बारामतीच्या डॉक्टरांनी हात शिवला. हात राहिला, पण राहिला म्हणजे बाहीतून बाहेर दिसतो एवढंच. मूठ वळत नाही, बोटांना थंड-गरम कळत नाही. दीर काही महिने आत होता, मग जामिनावर सुटला. सुटल्यावर चौकातल्या टपरीवर चहा पीत चारचौघांत म्हणाला, "अजून एक हात राह्यलाय त्याचा." टपरीवरच्या बोलण्याला पंपावर यायला डिझेल लागत नाही. ते संध्याकाळच्या आत आमच्या दारात आलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. नवऱ्याचा तो उरलेला डावा हात शाबूत राहिला पाहिजे, मग बाकी काय व्हायचं ते होवो.

लायसन्ससाठी अर्ज केला तो माझ्या नावाने. नवऱ्याला ते लागलं.

"मी डाव्या हाताने शिकतो की," तो म्हणाला.

"अहो, डाव्या हाताने तुम्हाला अजून धड सही येत नाही," मी म्हणाले.

रागात माझी जीभ आधी घराबाहेर पडते आणि मी मागून चपला घालते. पोलिसांनी चौकशीसाठी बोलावलं, तिथल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, वेळ आली तर चालवाल का? की नुसतं कपाटात ठेवाल?" मी म्हटलं, "साहेब, कपाटात ठेवायला माझ्याकडे साड्या आहेत." ते हसले. मी हसले नाही, आणि मग तेही हसायचे थांबले. बऱ्याच फेऱ्यांनंतर लायसन्स मिळालं.

आम्ही पुण्याला दुकानात गेलो. दुकानदार हिऱ्यांचा व्यापारी असल्याच्या थाटात मखमल पसरून एकेक वस्तू मांडत होता. मला काय हवं ते न विचारताच त्याने एक छोटं रिव्हॉल्व्हर पुढे सरकवलं. "लेडीजना हेच बरं पडतं. हलकं आहे, पर्समध्ये बसतं, ओढाताण काही नाही." दिसायला ते गोजिरवाणं होतं. मुठीत घेतलं तर करंगळीला जागाच नव्हती. करंगळी हवेत ठेवून पाहुण्यांकडे कपबशी धरावी, माणसावर रोखायचं हत्यार नव्हे. दुसरं दाखवलं ते पोलिसांच्या कमरेला असतं तसं मोठं. हातात चांगलं बसत होतं, पण कपड्यांखाली लपलं नसतं. मला तर ते कुणालाही न दिसता बाळगायचं होतं.

तिसरं होतं बत्तीस बोअरचं, आखूड नळीचं, चपटं. वितीएवढं. मी हात पुढे केला तसा दुकानदार म्हणाला, "ह्याची स्लाईड कडक आहे, मॅडम. ती मागे ओढल्याशिवाय पहिली गोळी नळीत चढत नाही. बायकांना ओढवत नाही." मी ओढली. पुन्हा ओढली. माझं माहेर सांगवीचं. लग्न होईपर्यंत घरच्या सगळ्या म्हशींच्या दोन्ही वेळच्या धारा मी काढल्या आहेत, लाथा खात काढल्या आहेत. ह्या बोटांना ती स्प्रिंग काय सांगणार? दुकानदाराने चष्मा वर केला. "ताई, जिमला जाता का?" मॅडमची ताई झाले होते. "गोठ्यात जात होते," मी म्हटलं. नवरा त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

नव्या सुनेचं कुठे पटतं, कुठे टोचतं ते ती घरात आल्यावरच कळतं, पिस्तुलाचंही तसंच. दस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या माझ्या तळव्याला जाड होत्या आणि घामाने निसटत होत्या. दुकानदाराने बजावलं होतं की आतल्या यंत्राला हात लावायचा नाही, लायसन्स जाईल. पट्ट्या मात्र बदलता येतात. मग मी घट्ट कणीक मळली, तिचा दस्त्याएवढा लांबट गोळा करून मुठीत आवळला आणि बोटांच्या ठशांसकट उन्हात वाळवला. पिस्तूल घरीच ठेवून तो गोळा आणि जुन्या पट्ट्या घेऊन बारामतीला एका सुताराकडे गेले. त्याने वाळलेली कणीक उलटसुलट करून बघितली, वास घेतला आणि विचारलं, "कशाची मूठ करायची हाय ही?" मी म्हटलं, "सुरीची." "एवढी चिवट कोथमीर हाय व्हय तुमच्याकडं?" म्हणाला. दोनदा चुकला, एक पट्टी चिरली, पण शेवटी शिसवाच्या पातळ पट्ट्या करून दिल्या. त्या लावल्यावर पिस्तूल हातात घेतलं की बोटं आपापल्या जागी जाऊन बसायची.

खरी पंचाईत ते ठेवायचं कुठे ही होती. बाजारातली चामड्याची कव्हरं पुरुषांच्या पट्ट्यात अडकवायची असतात. साडीला पट्टा कुठला आणायचा? निऱ्यांजवळ खोचून पाहिलं तर निऱ्यांसकट खाली यायला लागलं. पर्समध्ये ठेवलं, तर पर्स खुंटीवर आणि मी हवा भरायच्या मशीनपाशी. शेवटी साडी सोडली आणि पंजाबी ड्रेस घातला. इतक्या वर्षांची सून ड्रेस घालून पंपावर बसते ह्याची भावकीत जेवढी चर्चा झाली, तेवढी तर त्या कोयत्याचीही झाली नव्हती! उसाच्या ट्रॉलीवर टाकतात त्या ताडपत्रीचा पट्टा मी स्वतः शिवला, त्याला उजव्या बाजूला खिसा केला आणि कुर्त्याची चीर वर वाढवून घेतली. मग रोज सकाळी गोळ्या काढून ठेवायच्या आणि आरशासमोर उभं राहायचं. हात चिरेतून आत, मूठ आवळायची, बाहेर काढायचं, रोखायचं. आरशातली बाई दिवसेंदिवस चलाख होत गेली.

नेमबाजी शिकायला पुण्याच्या एका क्लबात जात होते. समोरच्या कागदावर नुसती वर्तुळं होती. मला तिथे दिराचा मिशीसकट चेहरा दिसायचा. पहिली गोळी कुठे गेली कुणास ठाऊक, पण नंतरच्या कागदाला भोकं पाडायला लागल्या. मिशीत एक, कपाळात एक, गळ्यात एक. मला ते आवडलं. कुणाला काय वाटायचं ते वाटो, मला ते फार आवडलं. मनगटाला बसणारा झटका, जळक्या दारूचा वास, आणि समोर कुणीतरी पडतंय असं मनाशी बघणं. परतताना गाडीत मी गुणगुणत होते, असं नवरा म्हणाला. मला आठवत नाही.

हळूहळू माझी नजर बदलली. पंपावर माणूस आला की मी आधी त्याचे हात बघायची आणि मग तोंड. तो किती लांब आहे, मध्ये काय आहे, मागे कोण उभं आहे, ह्याचा हिशोब बोलता बोलता डोक्यात चालायचा. आणि खरं सांगायचं तर मी दिराची वाट बघायला लागले होते. रस्त्यावरून त्याची मोटरसायकल गेली की पूर्वी मी केबिनचं दार लावून घ्यायची. आता भूक लागल्यासारखं व्हायचं. ये की, मनात म्हणायची, एकदा ये. तो पंपाकडे तोंडही न वळवता निघून जायचा आणि माझा दिवस वाया गेल्यासारखा वाटायचा.

नवऱ्याने हे ओळखलं. मी पट्टा बांधत असताना एकदा म्हणाला, "हे तू माझा हात राखायला घेतलंस, का त्याचा जीव घ्यायला?"

"दोन्ही एकच आहे," मी म्हणाले.

"न्हाय," तो म्हणाला. "एक न्हाय." घरात तो शाळेतल्यासारखं नीट बोलतो. न्हाय निघालं म्हणजे आतून हललाय असं समजायचं. मी समजले, आणि पट्टा बांधून पंपावर गेले.

मग निवडणूक लागली. निवडणूक लागली की लायसन्सवाल्यांना आपली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, ती निकालानंतर परत मिळतात. जिवाला धोका असेल त्याला सवलत मागता येते, पण धोका कुणाकडून, हे अर्जात स्पष्ट लिहावं लागतं. मी अर्ज लिहीत बसले होते तेवढ्यात तात्या आले. तात्या म्हणजे माझे चुलत सासरे, ज्याने कोयता चालवला त्याचे वडील. त्या दुपारनंतर ते पहिल्यांदाच आमचा उंबरा ओलांडत होते. पाणी पुढे केलं, त्यांनी तांब्याला नुसता हात लावला.

"सूनबाई, आर्ज करू नगंस," ते म्हणाले. "आपल्या भावकीतनं पहिल्यांदा मानूस हुबा राह्यलाय. घरचं भांडान कागदावर गेलं तर समदा तालुका हसंल. निवडनुकीपुरती कळ काढ. पोराला मी धरून ठिवतो. मी जामीन हाय त्याला."

"तात्या, मागच्या वेळी कुणी धरलं होतं?" मी विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं, हेही सांगते. नवरा म्हणाला, "राहू दे. तात्यांचा शब्द आहे." भावकी ही अशी! एकमेकांचे हात तोडलेले चालतात, पण तोडले हे परक्याला सांगितलं की अब्रू जाते. तोडणाऱ्याची नाही, सगळ्यांची. मी अर्ज फाडला आणि तुकडे चुलीत घातले. माझा संताप संताप होत होता, पण सासरच्या वडीलधाऱ्या माणसाला रडवून परत पाठवायची हिंमत बत्तीस बोअरमध्येही नसते.

इंदापूरला ठाण्याबाहेर लायसन्सवाल्यांची रांग लागली होती. त्या रांगेत बाई मी एकटीच. एकाने मुठीवर चांदी चढवून घेतली होती, एकाने वाघ कोरला होता, एकाने आईचं नाव. बैलबाजारात दात बघावेत तशी सगळे एकमेकांची हत्यारं हातात घेऊन बघत होते, तोलत होते, नावं ठेवत होते. माझ्या शिसवाच्या पट्ट्या बघून एक जण म्हणाला, "वैनी, हे लई भारी काम हाय. कुठं केलं?" मी खुशीत येऊन सगळं सांगितलं, कणकेच्या गोळ्यासकट. मी फुशारले होते, का लपवू? दर निवडणुकीला ही रांग अशीच रस्त्याच्या कडेला, उजेडात, मोठ्याने बोलत उभी राहते. उद्यापासून कोणाची कमर रिकामी आहे ते येणारा-जाणारा बघत जातो, आणि रांगेतल्या कुणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. मलाही ते घरी पोचल्यावरच वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी रिकाम्या खिशात जुन्या तराजूतलं अर्धा किलोचं लोखंडी वजन घातलं. कुर्ता होता तेवढाच फुगलेला दिसला पाहिजे.

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी दीर सकाळीच आला. पंपावरची निम्मी पोरं रॅलीला गेली होती. उसाचे दोन ट्रॅक्टर डिझेलला उभे होते आणि नवरा डाव्या हाताने नळी धरून पुढच्या ट्रॅक्टरच्या टाकीत डिझेल भरत होता. दिराने मोटरसायकल लावली, सीटखालून कोयता काढला आणि चालत आला. प्यायलेला नव्हता. मी केबिनमधून बाहेर येऊन मध्ये उभी राहिले.

"वहिनी, जमा केलं न्हवं?" तो हसला. "आता या की मधी."

"सगळ्यांनी केलं असेल. मी नाही," मी म्हणाले, आणि हात चिरेतून आत घातला.

तो थबकला. त्याची नजर माझ्या कुर्त्यावर गेली, मग तोंडावर, मग परत कुर्त्यावर. मला वाटलं जिंकले. तेवढ्यात त्याने मला खांद्याने ढकललं आणि नवऱ्यावर कोयता टाकला. नवरा मागे सरला. घाव डाव्या हातावर यायचा तो डाव्या खांद्यावर आला, शर्ट फाटला आणि रक्त उसळलं. नळी खाली पडून डिझेल सांडलं. दिराने पुन्हा कोयता उचलला. मी ते लोखंडी वजन मुठीत धरून त्याच्या तोंडावर मारलं. दात तुटल्याचं माझ्या मनगटाला कळलं. तो वळला तसं कानावर मारलं, मग परत तोंडावर. कोयता पडला. मग दोघं ट्रॅक्टरवाले उडी मारून आले. त्यांनी त्याला डिझेलमध्ये पालथा पाडला. एक त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसला, दुसऱ्याने ट्रॉलीची साखळी काढून पायांवर घातली, पुन्हा घातली. तो गुरासारखा ओरडत होता.

मी कोयता उचलला.

"उजवा हात धरा," मी म्हणाले. त्यांनी धरला. मशीनच्या सिमेंटच्या कट्ट्यावर मनगट ताणून धरलं. दीर रक्ताने भरलेल्या तोंडाने म्हणाला, "वहिनी, नको. वहिनी." रागाच्या भरात काय करतेय ते कळलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळं कळत होतं. मनगटावरचं घड्याळ, त्याच्या वरची जागा, किती जोर लागेल ते. मी दोन्ही हातांनी कोयता डोक्यावर नेला.

नवरा आला. खांद्यातून रक्त गळत होतं. तो कट्ट्यापाशी खाली बसला आणि त्याने आपला डावा हात दिराच्या मनगटावर पालथा ठेवला. पूर्ण झाकून.

"हान," तो म्हणाला. "पण आधी ह्यो."

"अहो, हात काढा!"

तो हलला नाही.

"काढा म्हणते ना! ह्याच हातासाठी केलं सगळं!"

"माहीत हाय," तो म्हणाला. "म्हणून तर ठेवलाय."

मी किंचाळत होते, त्याला शिव्या देत होते, माझ्या स्वतःच्या नवऱ्याला. कोयता मला खाली आणताही येईना आणि टाकताही येईना. शेवटी साखळीवाल्याने मागून येऊन माझी बोटं एकेक करून सोडवली आणि कोयता रस्त्यापलीकडे भिरकावला. तो पडल्याचा आवाज आला तेव्हा नवऱ्याने हात उचलला.

दीर आता आत आहे. तोंडात तार घातलेली आहे म्हणतात. तात्या आमच्याकडे फिरकले नाहीत. खांद्याची जखम भरली आणि डावा हात पूर्वीसारखा चालतो, डॉक्टर म्हणाले नशीब. निकाल लागल्यावर मी ठाण्यातून पिस्तूल सोडवून आणलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा कमरेला बांधायला लागले, कारण दीर कधीतरी सुटणारच आहे.

मी पट्टा बांधायला लागले की नवरा वर्तमानपत्र घेऊन अंगणात जातो. मला हवं ते मिळालं, त्याचा हात वाचला. पण मी जवळून गेले की तो हात आता नकळत अंगाशी घेतो. दीर कोयता घेऊन चालत आला तेव्हा मी नवऱ्याचं तोंड पाहिलं होतं, त्यावर भीती नव्हती. आता आहे, आणि ती मला बघून येते.